वाकणारा बिट आणि एझ्राकाका

एझ्राकाकांच्या गाळ्यात एकही वस्तू तिच्या मूळ लांबीची नाही. पेन्सिली अंगठ्याएवढ्या. झाडूचा दांडा अर्ध्यात कापलेला, म्हणून झाडायला येणाऱ्या मावशी रोज कंबर धरून काकांचा उद्धार करतात. चहाचा चमचा मानेपाशी तोडलेला, साखर ढवळताना बोटं चहात बुडतात. नवी वस्तू हाती आली की काका तिचं एक टोक घट्ट धरतात, दुसऱ्या टोकावर तर्जनी दाबतात, एक डोळा मिटून बघतात आणि म्हणतात, "लांब तेवढं वाकतं." मग करवत. मागच्या गणपतीत आमच्याकडे प्रसादाला आले आणि पंचामृताच्या पळीकडे अशा नजरेने बघायला लागले, की मी ती उचलून आत नेऊन ठेवली.

मी प्रतिभा. पनवेलला औद्योगिक वसाहतीत माझा मॉड्युलर किचनचा गाळा आहे, आणि माझी आणि काकांची भिंत एकच. माझ्या सगळ्या शटरांचं, म्हणजे कपाटांच्या दारांचं, कटिंग, खाचा, नक्षी काकांच्या सीएनसी राउटरवर होते. तळोज्याला याहून मोठी मशिनं आहेत, दोन दिवसांत काम देतात, गोड बोलतात, वर चहा पाजतात. पण काकांनी कापलेली फळी खाचेत बसवली की वर हातोडी मारावी लागत नाही आणि खाली पॅकिंग घालावं लागत नाही. तेवढ्यासाठी मी हा माणूस सहन करते. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. ते म्हणतात, "मीसुद्धा."

आता बिटाचं सांगते, कारण त्याच्याशिवाय काका समजायचे नाहीत. राउटरमध्ये खाली जी फिरणारी, धारेची कांडी असते ती म्हणजे बिट. कॉम्प्युटर सांगेल त्या रेषेवरून ती लाकूड कापत जाते. आपल्याला वाटतं, कॉम्प्युटर आहे म्हणजे काम चोख. काका म्हणतात, कॉम्प्युटर गेला खड्ड्यात, लाकूड काही कॉम्प्युटरचं ऐकत नाही. बिट लाकडात शिरला की लाकूड त्याला रेटतं. रेटलं की बिट केसभर बाजूला वाकतो. तेवढं केसभर लाकूड तिथंच राहतं. मग तुकडा केसभर मोठा होतो, खाच केसभर लहान होते, आणि तुम्ही हातोडी शोधायला लागता. बिट जितका बारीक आणि जितका लांब बाहेर काढलेला, तितका जास्त वाकणार. घाई केली तर आणखी.

हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. आजही सांगितलं.

रिटायर होईपर्यंत काका एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सुपरवायझर होते. तिथे लोखंड कापायचे. लोखंड म्हणे प्रामाणिक असतं. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून हे मशीन घेतलं आणि लाकडाशी भांडण मांडलं. तेव्हापासून जगात जे काही बिघडतं त्याला त्यांच्याकडे एकच कारण आहे. लाइट गेली? बिट वाकला. मॅच हरलो? बिट वाकला. सरकार पडलं? "वरून दाब फार, बिट बारीक. वाकणारच." माझ्या मुलीला गणितात कमी मार्क पडले आणि मी गाळ्यात बसून तिला फैलावर घेत होते, तर हे भिंतीपलीकडून ओरडले, "पोरीला बोलू नकोस! तिचं नाही चुकलं. बिट वाकला असेल!" पोरगी आजतागायत हेच कारण देते.

वाकण्यावर त्यांचा एक उपाय आहे, त्याचं नाव रिकामी फेरी. सगळं कापून झालं की मशीन थांबवायचं नाही. बिट आणखी खाली न्यायचा नाही, रेषा बदलायची नाही, काहीच बदलायचं नाही. त्याच वाटेने पुन्हा एकदा फिरवायचा. आता पुढ्यात लाकूड जवळजवळ नसतंच, त्यामुळे रेटायला कोणी नाही. बिट सरळ उभा राहतो आणि मघाशी राहिलेलं केसभर लाकूड पिठासारखं काढून टाकतो. बाकीच्यांना हा वेळेचा खेळखंडोबा वाटतो. काकांना ती फेरी चुकली तर जेवण जात नाही.

बरं, ही फेरी लाकडापुरती असती तरी चाललं असतं. गाळ्याला कुलूप लावून निघतात, नाक्यापर्यंत जातात, परत येतात, कुलूप ओढून बघतात, पुन्हा जातात. फोन ठेवला की मिनिटाभरात पुन्हा फोन. "काय झालं काका?" "काही नाही. रिकामी फेरी." माझ्याशी भांडले, आणि आम्ही आठवड्यातून एकदा तरी कडाकडा भांडतोच, की दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन उभे राहतात. आत येत नाहीत. बोलत नाहीत. पंख्याकडे बघतात, कॅलेंडरकडे बघतात आणि जातात. माफी मागायची त्यांची हीच पद्धत. मी पहिल्यांदा विचारलं होतं, "काही विसरलात का?" तर म्हणाले, "काल बोजा होता. आज नाही."

त्यांचं आडनाव दिवेकर. त्यामुळे लोकांची फार गंमत होते. नवीन गिऱ्हाईक येतं, पाटी वाचतं आणि चित्पावन समजून श्रावणातल्या सत्यनारायणाची चौकशी करतं. काका पेन्सिलीचं टोक काढत म्हणतात, "आम्ही बेने इस्रायल. सत्यनारायण तुमचा, शनिवार आमचा. शनिवारी स्पिंडल फिरत नाही." शुक्रवारी दुपारी मशीन पुसून निघतात ते थेट रविवारी उगवतात. मुलगा आणि सून तिकडे इस्रायलला आहेत, भाऊबंद तर केव्हाच गेले. काका गेले नाहीत. का नाही गेलात, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "लांब गेलं की वाकतं." मग खळखळून हसले आणि मीही हसले.

तर, आता एका पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची गोष्ट.

पावसाळा संपता संपता काकांच्या गाळ्यात एक नवीन काम दिसायला लागलं. महाराष्ट्राचा नकाशा, लाकडी, लहान मुलांच्या कोड्यासारखा. एक चौकट आणि तिच्यात बसवायचे जिल्हे, एकेक सुटा. प्रत्येकावर नाव कोरलेलं. दिसायला झकास. मी कौतुक केलं, तर म्हणाले, "पार्टी कडक आहे."

आठवडाभराने तोच नकाशा पुन्हा मशिनवर. मग पुन्हा. नापास झालेले जिल्हे सगळ्या वसाहतभर झाले. माझ्या टेबलाच्या पायाखाली बीड आहे. जनार्दन, काकांचा ऑपरेटर, चहाचा ग्लास सोलापूरवर ठेवतो. वॉचमनच्या खिडकीला सातारा अडकवलेला आहे. आणि माझी शटरं? माझी शटरं भिंतीला टेकून उभी. खारघरच्या टॉवरमधल्या एका बाईंची रविवारी वास्तुशांत, किचन अजून उघडं, आणि हे इथे रत्नागिरीच्या खाड्या कोरत बसलेत!

"काका, नेमकं अडलंय कुठे?" मी एक दिवस विचारलंच.

"किनाऱ्यावर," ते म्हणाले. "विदर्भ सोपा. कोकणात खाड्या फार. खाडीला बारीक बिट लागतो, बारीक बिट वाकतो. पार्टी सुरुवातच कोकणापासून करते. दुसऱ्या तुकड्याला अडते."

"मग थोडा सैल ठेवा. मुलांचं खेळणं तर आहे!"

काकांनी व्हर्निअर, केसाएवढा फरक मोजायचं ते माप, खाली ठेवला. व्हर्निअर खाली ठेवला म्हणजे प्रकरण गंभीर. "सैल चालत नाही. सैल झाला की हलतो, हलला की तिला वाटतं जागा चुकली. घट्ट झाला तरी तेच. ह्या पार्टीला तुकडा पहिल्या झटक्यात बसायला हवा, प्रतिभा. नाही बसला की ती हात मागे घेते. एकदा कायमचा मागे घेतला की संपलं. मग मशीन विकलं काय आणि ठेवलं काय."

आता माझं डोकं फिरलं. कोण ही पार्टी? एका म्हाताऱ्या माणसाला दोन महिने नाचवते, एवढाएवढासा तुकडा अडला म्हणून अख्खा नकाशा नाकारते? मी म्हटलं, "पत्ता द्या. मी बघते तिच्याकडे." काकांनी मशीन चालू केलं. मशीन चालू असलं की त्यांना ऐकू येत नाही, अशी त्यांची सोय आहे.

ते जेवायला गेल्यावर मी जनार्दनला गाठला. जनार्दन जासईचा, पन्नाशीचा, बोलायला मोकळा. मी त्याला म्हटलं, ह्या पार्टीचं नाव सांग, नाहीतर तुझा सोलापूर फेकून देते.

"कसली पार्टी आनि कसला काय, मॅडम!" त्याने इकडेतिकडे बघितलं. "बाई हायत त्या. काकांच्या बाई. त्यांना आता आठवत नाय काय. काकांना पन वलकत नाय कदी कदी. दिवसभर गप बसून आसतात. ह्यो नकाशा दिला तवाच हात हलवतात. काकांनी सांगितलेलं, प्रतिभाला बोलू नको, ती रडंल."

मी रडले नाही. पण खुर्चीत बसले.

काकांच्या बाई म्हणजे आमच्या दिवेकर बाई. मला चौथीला होत्या. उंच, कडक इस्त्रीची साडी, हातात लांब पट्टी. पट्टी मारायला नव्हे, नकाशावर फिरवायला. भूगोल त्या घरापासून सुरू करायच्या. आधी आपलं घर, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा. जिल्ह्यापाशी मात्र बाईंची गाडी हमखास घसरायची. पुस्तकात रायगड आणि बाईंच्या तोंडात कुलाबा. "आपला जिल्हा कुलाबा... रायगड, रायगड!" असं म्हणून कपाळावर हात मारायच्या आणि आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, पण त्यांनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा तो कुलाबाच होता ना.

शुक्रवारी दुपारी काकांनी नवा नकाशा फडक्यात बांधला, तशी मी पर्स उचलली. "मी येतेय."

"काही गरज नाही."

"तुमची गरज विचारलीच नाही मी."

काका पुढे, मी मागे. तळ्याजवळची जुनी इमारत, दुसरा मजला. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, धर्मवचन ठेवलेल्या छोट्या डबीला, त्यांनी बोटं लावली, ती ओठांना लावली आणि आत गेले. बाई खिडकीजवळ टेबलाशी बसल्या होत्या. केस अगदी पांढरे, पण साडी तशीच कडक इस्त्रीची. इस्त्री कोण करतं ते मला विचारावं लागलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओळख नसलेल्या माणसाला देतात तसं शिष्टाचाराचं हसू दिलं. मला फार लागलं ते.

काकांनी चौकट मांडली, बाजूला जिल्हे ओतले. आणि खरंच, बाईंचे हात जागे झाले. त्यांनी ढिगातून मुंबई उचलली, बसवली. टक्. मग ठाणे उचललं. मुंबईच्या वर आणलं, थबकल्या. थोडं वर सरकवलं, थोडं खाली. जागा मोठी, तुकडा लहान. त्यांनी ठाणे बाजूला ठेवून पालघर उचललं, नाव वाचलं. "हे आपल्याकडचं नाही," म्हणाल्या. मग रायगड उचलला. तोही वाचला. "रायगड किल्ला आहे. जिल्हा कसा असेल?" आणि मग त्यांनी दोन्ही हात मागे घेतले, मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत राहिल्या. हळूच म्हणाल्या, "माझंच चुकतंय."

काका ताडकन उठले. त्यांनी ठाण्याचा तुकडा झडप घालून उचलला, खिशातून व्हर्निअर काढला, मोजल्याचं नाटक केलं, उजेडात धरला. "छे, छे! तुझं नाही चुकलं, सिपोरा. हे बघ. बिट वाकलाय. माझा बिट वाकला."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. दहा वर्षं मी ह्या वाक्यावर हसत आले होते. लाइट, मॅच, सरकार, माझ्या पोरीचे मार्क. आणि इथे ह्या घरात त्या वाक्याचं हे काम होतं.

पण रडत बसण्यात अर्थ नव्हता, कारण घोडं कुठे पेंड खातंय ते मला दिसलं होतं. जिन्यात आल्याबरोबर मी म्हटलं, "काका, बिट वाकलेला नाही. नकाशा चुकलाय."

"काय?"

"बाईंचं ठाणं वेगळं आहे. पालघर धरून. त्यांच्या वेळी पालघर जिल्हा नव्हता, सिंधुदुर्ग नव्हता, रायगड नव्हता. त्या त्यांच्या नकाशाने लावतायत. तुम्ही त्यांना आत्ताचा दिलाय."

"मी सरकारी नकाशावरून घेतलाय!" काका भडकले. "रेषेवर रेषा आहे! केसाचा फरक नाही!"

"केसाचा नाही, जिल्ह्याचा आहे! बाई बोलल्या ते ऐकलंत का? रायगड किल्ला आहे म्हणाल्या. दर वेळी म्हणत असतील."

"ती काहीही बोलते आता. आजारी आहे ती!"

"काहीही नाही बोलत. बरोबर बोलतात. तुम्ही ऐकायचं सोडून व्हर्निअर काढता!"

हे जरा जास्तच झालं. काकांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "तू तुझी कपाटं बनव," म्हणाले. "माझ्या घरात नाक खुपसू नकोस." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पायऱ्या उतरताना मी मनाशी म्हटलं, हा नकाशा मी बदलून घेणार. काकांनी मशीन दिलं नाही तर तळोज्याला जाईन, पण घेणार.

शनिवारी स्पिंडल फिरत नाही. मी मात्र माझ्या कॉम्प्युटरवर बसले. नकाशाची फाइल माझ्याकडे होती, कारण नक्षीच्या फायली आमच्या इकडून तिकडे जातच असतात. एकेक रेषा पुसायला घेतली. पालघर ठाण्यात. सिंधुदुर्ग रत्नागिरीत. जालना औरंगाबादेत, लातूर उस्मानाबादेत, गडचिरोली चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात. नावंही तेव्हाची. खारघरच्या बाईंचा तीनदा फोन आला. तिसऱ्यांदा मी सांगितलं, "शटरं सोमवारी. तुमच्या सत्यनारायणाला कपाटाची दारं लागत नाहीत." त्या बऱ्याच काही बोलल्या. मी ऐकून घेतलं आणि नंदुरबार पुसलं.

रविवारी सकाळी बघते तर काका माझ्या दारात उभे. पंख्याकडे बघितलं. कॅलेंडरकडे बघितलं. एरवी इथून परत फिरतात. आज फिरले नाहीत. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं.

"मी पण कुलाब्यातच जन्मलो," म्हणाले. "माझ्या जन्मदाखल्यावर कुलाबा आहे. रात्रभर तेच डोक्यात. मला कसं सुचलं नाही?"

मी नुसता स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. काकांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि किनाऱ्यावरून बोट फिरवत खाली आले. "कुलाब्याची ही खाडी जरा आत घे," एवढंच म्हणाले.

मग काका कामाला लागले. असं काम मी त्यांचं आधी पाहिलं नव्हतं. नवा कोरा बिट काढला. तो मशीनच्या पकडीत इतका खोल घातला की जेमतेम फळीच्या जाडीएवढा बाहेर राहिला. एका दमात कापायचं ते पापुद्र्या-पापुद्र्याने कापलं. जनार्दन मशीनच्या बाजूला कंबरेवर हात ठेवून उभा. "आमाला कदी इचारलं नाय कुनी जिल्हा बदलताना," म्हणाला, "आनि तुमी दोगांनी बसल्या जागी दहा जिल्हं गायब केलं. माजी आजी मरस्तवर कुलाबाच म्हनायची. तिला बरा वाटला असता." सगळं कापून झाल्यावर काकांनी रिकामी फेरी मारली. मग आणखी एक मारली. मी घड्याळाकडे बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मशीन थांबल्यावर काका म्हणाले, "आज बसला तर एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन. पोहे, गूळ, ओलं खोबरं. तू खोबरं खवून द्यायचंस." हा त्यांच्यातला नवस. मी म्हटलं, दोन नारळ खवते.

दुपारी आम्ही तळ्याजवळच्या घरी गेलो. बाई तशाच खिडकीशी. काकांनी चौकट मांडली, जिल्हे ओतले आणि ह्या वेळी समोर न बसता भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. व्हर्निअर खिशात होता. त्यावर त्यांचा हात होता.

बाईंनी मुंबई लावली. मग ठाणे उचललं. नव्या नकाशातलं मोठं, भरदार ठाणे. मुंबईच्या डोक्यावर आणलं आणि सोडलं. टक्.

काकांनी डोळे मिटले.

बाईंनी कुलाबा उचलला, नावावरून अंगठा फिरवला आणि जागेवर ठेवला. मग रत्नागिरी, लांबलचक, गोव्यापर्यंत. मग त्या थांबल्याच नाहीत. घाट चढून वर गेल्या. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर. मराठवाडा. विदर्भ. एकही तुकडा दुसऱ्यांदा फिरवावा लागला नाही. सगळ्यात शेवटी चांदा बसवला, चौकटीवरून तळहात फिरवला, आणि पाठ ताठ केली. ती पाठ मी ओळखली. टेबलावर त्यांना पट्टी सापडली नाही, तेव्हा त्यांनी बोट उगारलं.

"कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण?"

मी तोंड उघडणार होते, चौथीतल्यासारखा हातही वर गेला होता माझा. पण त्याआधी भिंतीपाशी काका हात बांधून सरळ उभे राहिले.

"अलिबाग, बाई."

"शाबास. नाव काय तुझं?"

काकांनी हात आणखी घट्ट बांधले. मग म्हणाले, "दिवेकर, बाई."

"अरे वा!" बाई हसल्या. अगदी पूर्वीसारख्या, मोकळ्या. "माझंही दिवेकरच. ये इकडे. आता तू लाव बघू."

त्यांनी चौकट उलटी केली, सगळे जिल्हे टेबलावर पडले. काका समोर येऊन बसले. आयुष्यभर लोखंड आणि लाकूड कापलेला माणूस, पण मुंबईच जेमतेम लागली. मग ठाणे उचललं. स्वतः कापलेलं, दोन रिकाम्या फेऱ्या मारलेलं ठाणे. डोळ्यांतल्या पाण्याने त्यांना कड दिसत नव्हती. तुकडा तिरका पडला, अडला. पुन्हा लावला, पुन्हा अडला. काकांनी हात मागे घेतला.

बाईंनी तो हात धरला. तुकडा त्यांच्या बोटांत पुन्हा ठेवला आणि वर्गातल्या एखाद्या घाबरलेल्या पोराला समजावावं तशा त्या म्हणाल्या,

"रडू नकोस. तुझं नाही चुकलं. बिट वाकला असेल."